दोन हजार रुपये आणि सातबाऱ्यावरचे नाव

करोनाच्या टाळेबंदीला आता बरीच वर्षे लोटली. २५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला, लोकल त्याच्या आधीच थांबली होती, आणि कांजूरमार्गचे मजूरनाके ओस पडले. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण घरातच केली. त्या दिवसांतले हाल आम्ही येथे पुन्हा उगाळणार नाही. ज्याचे त्याला ते ठाऊक आहेत. आम्हाला लिहायचे आहे ते त्या काळात सरकारने वाटलेल्या पैशांविषयी, आणि त्यातही शेतकऱ्यांच्या नावाने वाटलेल्या पैशांविषयी.

मुंबईत राहून शेतीची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वस्तीत गावाशी धागा नाही असे घर विरळाच. कोणाचे माणगाव, कोणाचे महाड, कोणाचे खेड-चिपळूण, कोणी साताऱ्याकडचे, तर कोणी थेट बीड-जालन्याचे. टाळेबंदीत भाडे थकले, तेव्हा मे महिन्यात मिळेल त्या टेम्पोने माणसे गावी गेली आणि काहींनी तो सारा पावसाळा शेतातच काढला. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

आधी नेमके काय दिले ते पाहू. २६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने ५०० रुपये, उज्ज्वलाचे सिलिंडर, आणि शेतकऱ्यांच्या खात्यात प्रत्येकी २,००० रुपये. देशातील ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना हा लाभ होईल, असे तेव्हा सांगितले गेले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पण हे दोन हजार काही नवे नव्हते. पंतप्रधान किसान सन्मान निधी म्हणून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देण्याची योजना फेब्रुवारी २०१९ पासूनच चालू होती. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा जो हप्ता यायचाच होता, तो एप्रिलच्या आरंभी सोडला, एवढेच. ठरलेला पगार पंधरा दिवस आधी द्यायचा आणि त्याला बोनस म्हणायचे, असा हा प्रकार झाला.

तरीही आम्ही त्या दोन हजारांना कमी लेखत नाही. बाजार बंद, मजुरी बंद, अशा वेळी घरात दोन हजार आले तर तेल-मीठ-मिरचीची सोय होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे कोणाच्या घरात आले?

योजनेच्या नियमाप्रमाणे शेतकरी कोण? ज्याच्या नावावर शेतजमीन आहे तो. दुसऱ्याच्या बांधावर जन्मभर खपणारा नव्हे. वाट्याने किंवा खंडाने करणारा नव्हे. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ च्या जूनपासून काढून टाकली. म्हणजे वीस एकरवालाही आत आला, पण शून्य एकरवाला बाहेरच राहिला. २०११ च्या जनगणनेत देशात स्वतःची वा खंडाची शेती कसणारे ११ कोटी ८८ लाख होते आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. मजूर जास्त, कसणारे कमी. अनुसूचित जातींतील कामकऱ्यांपुरते पाहिले, तर शंभरातले सुमारे ४६ शेतमजूर होते आणि कसणारे पंधराच्या आसपास. यापुढे आणखी आकडे देण्याची गरज नाही. शेतीच्या नावाने मदत सातबाऱ्याच्या वाटेने जायची ठरली, त्याच क्षणी आपला बहुतेक समाज त्या वाटेच्या कडेला उभा राहिला.

गंमत अशी की ज्यांना हे पैसे मिळू नयेत असे नियमातच लिहिले होते, त्यांना मात्र ते मिळाले. आयकर भरणाऱ्यांना ही योजना बंद आहे. तरीही माहितीच्या अधिकारात पुढे आलेल्या आकड्यांनुसार २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यांत सुमारे १,३६४ कोटी रुपये गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. ज्या राज्यांत असे अपात्र जास्त निघाले त्यांत आपला महाराष्ट्रही होता. पुढे वसुलीच्या नोटिसा निघाल्या ते वेगळे.

आता घरातली गोष्ट. कांजूर पूर्वेला आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. यजमान कारखान्यात होते, ते वारले. टाळेबंदीत मावशी मुलांना घेऊन माणगाव तालुक्यातल्या सासरी गेल्या आणि लावणीपासून झोडणीपर्यंत सारे त्यांनी अंगावर घेतले. हप्ता आला तो दिरांच्या खात्यात. मावशींची त्याबद्दल तक्रार नव्हती. "भावजींनी त्यातले पाचशे मला दिले होते, खोटं कशाला बोलू," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही विचारले, सातबाऱ्यावर तुमचे नाव आहे का? त्यांना माहीत नव्हते. उतारा काढला तेव्हा कळले की सासरे वारल्यावर जी वारसनोंद झाली तीत गावातल्या दोन मुलांची नावे लागली. मुंबईचा मुलगा वगळला. "तू काय, मुंबईला कमावतोस," असे म्हणून त्याची एका कागदावर सही घेतली होती. सासूबाईंचे नाव नव्हते. दोन नणंदांची नावेही नव्हती. नांदायला गेल्या त्या दिवशीच त्या सातबाऱ्यावरून उतरल्या, असे गावाने गृहीत धरलेले.

हे काही खोताने केलेले नाही, पाटलाने केलेले नाही. हे आपल्या घरात आपण केलेले आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली म्हणून आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले, हे आपल्या शाळकरी मुलींनाही पाठ आहे. आणि तलाठ्यासमोर उभे राहिलो की बहिणीचे नाव सांगायला आपली जीभ अडखळते. वारसाहक्काचा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात विधवेला, आईला, मुलीला वाटा आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला. साऱ्या देशात तो २००५ मध्ये झाला. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना ओवाळणीची साडी पुढे करायची, ही आपल्याकडचीही रीत झाली आहे, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते.

परंतु मावशींच्या सासऱ्यांकडे निदान काही गुंठे तरी होते. ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत, त्यांचे नाव सातबाऱ्यावर का नाही, याचा इतिहास तरुणांना सांगितला पाहिजे. महार वतनाची जमीन म्हणजे गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात दिलेला तुकडा. रात्री-अपरात्री सांगावा न्या, सरकारी अंमलदाराचा घोडा धरा, मेलेले ढोर ओढा, आणि पोटाला हा तुकडा खा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा आपल्यातल्याच काहींना भीती वाटली होती की जमीन जाईल. त्यांचे म्हणणे होते की राबणूक जावी आणि पूर्ण सारा भरून जमीन इतर रयतेसारखी आपली व्हावी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने खालसा झाली. जमीन परत मिळायची, पण कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची होती. ज्यांच्या घरात दोन वेळची भाकर नव्हती त्यांनी ती कशी भरावी? कित्येकांची नोंद तिथेच राहिली. जमीन कोणी कसली आणि कागद कोणाच्या नावाने झाला, हे गावोगावच्या चावडीला माहीत आहे.

कोकणात खोती होती. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते, हे आजच्या पुढाऱ्यांनी लक्षात ठेवावे. खोती गेली, कुळकायदा आला. पण अनेकांची नावे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहिली. मालक व्हायचे तर आणखी अर्ज, आणखी तारखा, आणखी पैसे. आजोबा मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, आजी अक्षरशत्रू, तारखेला जाणार कोण?

मग कर्मवीर दादासाहेब गायकवाड उभे राहिले. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह, ज्यात लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, एवढेच मागणे होते. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांनी मार खाल्ला, उभी पिके जळताना पाहिली, तरी नांगर सोडला नाही. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ठरले खरे, प्रत्यक्षात कित्येक कुटुंबे आजही दंडाच्या पावत्या जपून ठेवतात, कारण ही जमीन आपण कसतो याचा तोच एक पुरावा त्यांच्यापाशी आहे. दंड भरणारा तो शेतकरी २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारच्या यादीत शेतकरी नव्हता.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे जे निवेदन ठेवले, त्यात यावरचा इलाज सांगितला होता. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-धर्म न पाहता गावातील कुटुंबांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही उरणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. ते झाले असते, तर यादी करताना सातबारा विचारण्याचे कारणच उरले नसते.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेतील काळ्या शेतकऱ्यांचे पाहा. तेथील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉईस या थोर विद्वानाला पत्र लिहिले होते, आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले ते तेथल्याच ब्लॅक पँथरवरून. त्या देशाच्या सरकारने करोनाच्या पहिल्या वर्षी शेतकऱ्यांना जी रोख मदत दिली, ती सुमारे २,६०० कोटी डॉलर होती. त्यातले काळ्या शेतकऱ्यांना किती? २०२१ मध्ये तेथील कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी सांगितले, फक्त २ कोटी ८ लाख डॉलर. हजार रुपयांत ऐंशी पैसे! मदत पिकाच्या आणि गुरांच्या प्रमाणात होती. ज्याचे शेत मोठे त्याचा धनादेश मोठा. काळ्यांच्या हाती शेतेच किती उरली होती? १८६५ मध्ये गुलामगिरी संपताना चाळीस एकर देऊ म्हणाले आणि त्याच वर्षी ती जमीन परत घेतली. तरीही पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जमिनी घेतल्या. १९२० मध्ये तेथे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. शंभर वर्षांत ते पन्नास हजारांच्याही खाली आले. त्याचे एक कारण आपल्या कोकणातल्या माणसाला लगेच समजेल. मृत्युपत्र न करता म्हातारा गेला, जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली, स्पष्ट मालकीचा कागद कोणापाशीच नाही. म्हणून वर्षानुवर्षे ना सरकारी कर्ज, ना मदत.

२०२१ च्या मार्चमध्ये तेथील संसदेने वर्णभेद सोसलेल्या शेतकऱ्यांची सरकारी कर्जे माफ करण्याचा कायदा केला. लगेच गोरे शेतकरी कोर्टात गेले. म्हणे, हा आमच्यावर अन्याय आहे. कोर्टाने पैसे अडवले आणि पुढच्या वर्षी कायद्यातले ते कलमच रद्द झाले. त्याऐवजी, सरकारी कर्ज खात्याकडून ज्यांना भेदभाव सोसावा लागला त्यांच्यासाठी वेगळा निधी ठेवला आणि जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले. राखीव जागांचा विषय निघाला की आपल्याकडे जे ऐकायला मिळते, तेच तिकडे इंग्रजीत ऐकू आले. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोणत्या वर्णाच्या माणसाला किती मिळाले, हे त्या मंत्र्याला आकड्यानिशी बोलावे लागले. आपल्याकडे सन्मान निधीचे किती हप्ते, किती कोटी, हे प्रत्येक हप्त्याला सांगतात. ज्याला काहीच मिळाले नाही त्या शेतमजुराचा आकडा कोणत्या व्यासपीठावरून सांगितला गेला?

शहरातही तऱ्हा तीच. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, घरेलू कामगारांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना आणि नोंद असलेल्या फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. सारा भर 'नोंदणीकृत' या शब्दावर. कांजूरच्या नाक्यावर उभा राहणारा बिगारी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला कोणाकडून आणणार? ठेकेदार तर नावही सांगत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंची नोंद कोणत्या मालकिणीने करू दिली? आणि कागदाचे माहात्म्य पाहायचे तर आपल्या दारात पाहा. मेट्रोच्या कारशेडसाठी कांजूरमार्गच्या १०२ एकर जमिनीवरून २०२० मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यात भांडण लागले. ही मिठागराची जमीन केंद्राची की राज्याची, यावर हायकोर्टात वकिलांची फौज उभी राहिली. दोन सरकारांनाही आपला सातबारा सिद्ध करावा लागतो, तेथे आपली काय कथा!

हा जुना विषय आताच काढण्याचे कारण असे की ती यादी अजून जिवंत आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू केला आणि केंद्राच्या ६,००० मध्ये आपले ६,००० घातले. तो मिळतो त्याच यादीला. म्हणजे २०१९-२० मध्ये जो आत होता त्याला वर्षाला १२,००० आणि जो बाहेर राहिला त्याला तेव्हाही काही नाही, आताही नाही. त्यातच २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी राज्यात शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो निघतो तोही जमिनीच्या नोंदीवरूनच. दार दरवर्षी थोडे थोडे लोटले जात आहे.

म्हणून मे महिन्यात गावी जाल तेव्हा जत्रा आणि लग्ने करा, पण एक दिवस तलाठ्याकडे घाला. सातबारा काढा, आठ-अ काढा आणि फेरफार वाचा. मुंबईत बसूनही उतारा संगणकावर मिळतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना सांगा, त्यांना ते येते. नाव भोगवटादार म्हणून आहे की इतर हक्कात, ते पाहा. वर अजून वारलेल्या आजोबांचेच नाव असेल, तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन वारसनोंदीचा अर्ज करा. सर्व वारस म्हणजे विधवा, मुलगे आणि मुली, विवाहित असल्या तरी. तलाठी फेरफार घालतो, नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली तर सुनावणी होते, त्या तारखेला कोणीतरी हजर राहा. आजोबांच्या पिढीला ते जमले नाही, कारण सुट्टी घेतली की खाडा पडत असे. खाडा आपल्यालाही पडतो, पण निदान आपल्याला कागद वाचता येतो.

महापालिकेतील आपल्या बांधवांचा एक गैरसमज आम्ही अनेकदा ऐकतो. सरकारी नोकराला सन्मान निधी नाही, म्हणून ते अर्जच करत नाहीत. नियम असा आहे की नोकरांना मनाई आहे, पण चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना त्यातून वगळले आहे. सफाई खात्यातील कामगाराच्या नावावर गावी जमीन असेल आणि तो आयकर भरत नसेल, तर केवळ नोकरीमुळे तो अपात्र होत नाही. दुसरे असे की १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असली, तरी ती वारसाने आली असेल तर चालते. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. सज्ञान मुलाच्या नावाने स्वतंत्र नोंद असेल तर त्याचे कुटुंब वेगळे धरले जाते.

ज्यांच्याकडे एक गुंठाही नाही त्यांच्यासाठी राज्याची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. पूर्वी निम्मे कर्ज असे, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांना प्राधान्य आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांकडे करावा लागतो. अडचण पुढे आहे. जमीन सरकार विकत घेऊन देते, आणि २०१८ च्या निर्णयात दराची कमाल मर्यादा कोरडवाहूला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख ठेवली आहे. महामार्गालगतच्या गावांत त्या भावाला कोणी उभेही करत नाही. आणि ज्या गावात भाव बसतो, तेथे बौद्धवाड्याला जमीन द्यायची म्हटले की विकणारा दुसऱ्या दिवशी घरी सापडत नाही.